फाटे फोडण्याचे मार्क

लहानपणी आमच्या घरात "फाटे फोडू नकोस" हे वाक्य दिवसातून चारदा तरी कानावर पडायचं. सांगितलेलं काम निमूट करायचं, आणि "पण समजा असं झालं तर?" हे तर अजिबात विचारायचं नाही. अमेरिकेतल्या लॉ स्कूलच्या पहिल्या वर्षाला नेमके याच गोष्टीचे मार्क असतात, हे मला ३८व्या वर्षी कळलं. तेही स्वतः कॉलेजात न जाता, बायकोच्या अभ्यासाच्या टेबलासमोर बसून चहा पिता पिता.

थोडी पार्श्वभूमी. बायको पुण्याची बी.ई. ९ वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं, काही तिकडे, काही इकडे. ग्रीनकार्डच्या रांगेत उभं राहून राहून आमच्या घरात इमिग्रेशनच्या कागदांचा ढीग झाला. ते कागद आमच्या वकिलाच्या ऑफिसातल्या लोकांपेक्षा ती जास्त बारकाईने वाचते हे लक्षात आल्यावर एक दिवस म्हणाली, "मग मीच का होऊ नये वकील?" मला वाटलं गंमत करतेय. तिने एलसॅट दिली. दोन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमध्ये तिचं जे.डी. सुरू झालं.

पैशाचं सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं त्याच्याशी बांधलेलं आहे. व्हिसावरच्या विद्यार्थ्याला इथलं फेडरल कर्ज मिळत नाही. घरासाठी साठवलेले पैसे आम्ही फीला लावले. कॉलेजने अर्धी स्कॉलरशिप दिली होती, पण एका अटीवर: पहिल्या वर्षाची सरासरी ठराविक आकड्याच्या वर राहिली पाहिजे. आणि लॉ स्कूलमध्ये मार्क देतात कर्व्हवर. म्हणजे तुम्ही किती चांगलं लिहिलं याला अर्थ नाही, शेजारच्यापेक्षा किती चांगलं लिहिलं याला आहे. बहुतेक विषयांत सगळा भार वर्षभराच्या मेहनतीवर नाही, सेमिस्टरच्या शेवटच्या तीन-चार तासांच्या एका पेपरवर. असो. यालाच म्हणतात वरातीत नाचायला बोलावून खर्चाची वही हातात देणं. :)

आता मूळ मुद्दा. सप्टेंबर संपत आला तेव्हा वर्गात एकच विषय होता: "तू कुठलं सप्लिमेंट वापरतेस?" सप्लिमेंट म्हणजे नेमलेल्या पुस्तकाच्या जोडीला घ्यायचं अभ्यासाचं पुस्तक. आपल्या भाषेत गाईड. पण आपलं गाईड आणि हे यात फरक आहे, आणि तो समजेपर्यंत पैसे बाहेर काढू नयेत असं माझं मत.

मुळात गाईड लागतं कशाला? आपल्याकडे एलएल.बी.ला करार शिकायचा तर हातात १८७२ चा भारतीय करार कायदा असतो. कलम वाचा, खाली उदाहरणं दिलेली आहेत, ती वाचा. इथे असा एक कायदाच नाही. मालाच्या विक्रीसाठी एक संहिता आहे, पण बाकी बराचसा कायदा न्यायाधीशांच्या निकालांतून साठत आलेला. हार्वर्डचा डीन ख्रिस्तोफर कोलंबस लँगडेल (हो, कोलंबसच!) याने १८७१ मध्ये करारावरच्या निकालांचं एक पुस्तक काढलं आणि विद्यार्थ्यांना सांगितलं, निकाल वाचा आणि नियम तुम्हीच शोधा. ती पद्धत आजही चालू आहे. नेमलेल्या जाडजूड केसबुकमध्ये निकाल असतात, निकालांखाली प्रश्न असतात, उत्तरं नसतात. प्रोफेसरही उत्तर देत नाही, उलट तुम्हालाच उभं करून आणखी प्रश्न विचारतो. प्रोग्रामरच्या भाषेत सांगायचं तर डॉक्युमेंटेशन मागू नका, सोर्स कोड वाचा. तोही दीडशे वर्षं जुना, आणि कॉमेंट नसलेला.

एवढ्या अंधारात कंदील विकणारे येणारच. आले. त्यांचे ढोबळ पाच प्रकार आहेत.

१. केस ब्रीफ. केसबुकातल्या प्रत्येक निकालाचा एक-दीड पानी सारांश. वर्गात उभं केलं तर अब्रू वाचते. याहून जास्त काही होत नाही.

२. आउटलाइन. इमॅन्युएल, गिल्बर्ट वगैरे. अख्खा विषय मुद्द्यांच्या रूपात. नकाशासारखा उपयोग. दिशा कळते, चालणं आपणच करायचं.

३. हॉर्नबुक किंवा ट्रीटाइज. विषयातल्या मोठ्या माणसाने लिहिलेला ग्रंथ. टॉर्ट्ससाठी प्रॉसर आणि कीटन, क्रिमिनल लॉसाठी ड्रेसलर. (ड्रेसलर खरं तर हॉर्नबुकापेक्षा सुटसुटीत आहे आणि विद्यार्थ्यांसाठीच लिहिलेला आहे.) एखादा धडा अजिबात कळला नाही की लायब्ररीत जाऊन तेवढीच २० पानं वाचायची. विकत घेऊन पहिल्या पानापासून सुरुवात केली तर डिसेंबर येतो आणि आपण अजून प्रस्तावनेत.

४. उदाहरणं आणि उत्तरं. 'एक्झाम्पल्स अँड एक्स्प्लनेशन्स' ही मालिका. आधी थोडक्यात नियम, मग छोटे छोटे प्रसंग, मग प्रत्येक प्रसंगावर चर्चा. सिव्हिल प्रोसिजरवरचं जोसेफ ग्लॅननचं पुस्तक यातलं सगळ्यात लाडकं. त्या विषयावर कोणी विनोदी लिहू शकतो यावर माझा विश्वास नव्हता, पण लिहिलंय.

५. फुकटातलं. 'काली' नावाची ना नफा संस्था १९८२ पासून संगणकावरचे कायद्याचे धडे बनवते. बहुतेक लॉ स्कूलं तिची सभासद आहेत, विद्यार्थ्याला कोड मिळतो, पैसे लागत नाहीत. फुकट आहे म्हणून कोणी त्याबद्दल बोलत नाही. मनुष्यस्वभाव!

आता निवड कशी करायची? आम्ही एक चाचणी ठरवली. टेस्टरची बायको... म्हणजे टेस्टर बायको असल्याचा फायदा. एक केस घ्यायची, आणि तीच केस वेगवेगळ्या पुस्तकांत लायब्ररीत बसून वाचायची. लॉ स्कूलच्या लायब्ररीत यातली बरीच पुस्तकं मिळतात, विकत घेण्याआधी चाखून बघता येतात. आम्ही घेतली पाल्सग्राफ. टॉर्ट्स शिकणारा प्रत्येक जण या बाईंना ओळखतो. १९२४ साली न्यूयॉर्कमध्ये मिसेस पाल्सग्राफ फलाटावर उभ्या होत्या. एक माणूस सुटलेली गाडी पकडायला धावला, रेल्वेच्या नोकरांनी त्याला आत चढायला हात दिला, त्या गडबडीत त्याच्या हातातलं पुडकं पडलं. पुडक्यात फटाके होते. स्फोट झाला आणि लांबवर असलेला वजनकाटा बाईंच्या अंगावर पडला. रेल्वे जबाबदार का? १९२८ मध्ये न्यूयॉर्कच्या वरिष्ठ न्यायालयाने ४ विरुद्ध ३ मतांनी सांगितलं, नाही. न्यायमूर्ती कार्डोझोंचं म्हणणं, साधं दिसणारं पुडकं पडल्याने लांबच्या बाईला धोका होईल हे नोकरांना दिसण्यासारखं नव्हतं, म्हणून तिच्याप्रति कर्तव्यच नव्हतं. न्यायमूर्ती अँड्र्यूज यांनी विरुद्ध मत दिलं.

केस ब्रीफने हे सगळं आठ ओळींत सांगितलं. सुरेख. आउटलाइनने "कर्तव्य" आणि "निकटचं कारण" यांच्यामध्ये या केसची जागा दाखवली. हॉर्नबुकने त्यानंतर कोर्टांनी काय काय केलं ते सांगितलं. आणि उदाहरणांच्या पद्धतीने विचार करायला लागलो तेव्हा प्रश्न आला: समजा पुडक्यावर "फटाके" असं लिहिलेलं असतं तर? समजा बाई लांब नाही, शेजारीच असत्या तर? समजा नोकराने हात दिलाच नसता?

झालं. हेच तर पेपरात येतं! पाल्सग्राफ पेपरात कधीच येत नाही. पेपरात येतो एक दोन पानी, कधीही न घडलेला प्रसंग, ज्यात दहा माणसं एकमेकांचं नुकसान करतात, आणि खाली एक ओळ: कोण कोणावर काय दावा करू शकेल, चर्चा करा. आपलं '२१ अपेक्षित' इथे लंगडं पडतं, कारण अपेक्षित असं काही नसतंच. उत्तर पाठ करून चालत नाही, कारण तो प्रश्न याआधी कोणी विचारलेलाच नसतो. टेस्टिंगच्या भाषेत, नियम म्हणजे स्पेसिफिकेशन आणि प्रसंग म्हणजे टेस्ट केस. स्पेसिफिकेशन पाठ असलेला टेस्टर आणि ते कुठे फाटतं हे शोधणारा टेस्टर यातला पगाराचा फरक तुम्हाला माहीत आहेच.

याच गोष्टीवर एक अख्खं पुस्तक आहे, फिशल आणि पॉल या दोन प्राध्यापकांचं 'गेटिंग टू मेबी', १९९९ चं. विषय शिकवत नाही, पेपर कसा लिहायचा ते शिकवतं. म्हणणं थोडक्यात असं की "हो" किंवा "नाही" लिहिणारा विद्यार्थी मागे पडतो, "कदाचित, कारण इथे दोन वाटा फुटतात" असं दाखवून दोन्ही वाटांनी थोडं थोडं चालून येणारा पुढे जातो. म्हणजेच फाटे फोडा! माझ्या आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "एवढी फी देऊन?"

आवृत्तीचा मुद्दाही महत्त्वाचा, कारण जुनी पुस्तकं स्वस्त मिळतात. करार आणि टॉर्ट्सला १० वर्षं जुनं सप्लिमेंट बहुतेक वेळा चालून जातं, मिसेस पाल्सग्राफ काही बदललेल्या नाहीत. पण सिव्हिल प्रोसिजरचे फेडरल नियम बदलत असतात. डिसेंबर २०१५ मध्ये पुराव्यांच्या देवाणघेवाणीचे नियम मोठ्या प्रमाणात बदलले, त्याआधीचं पुस्तक घेऊन बसलात तर नसलेला कायदा पाठ कराल. घटनेच्या विषयात तर विचारूच नका, गर्भपाताबद्दलचा १९७३ चा रो निकाल २०२२ मध्ये डॉब्ज निकालाने उलटवला. आपल्याकडेही हेच झालंय. पुण्यात लॉ करणाऱ्या आमच्या भाचीला मोठ्या भावाने प्रेमाने आपली जुनी पुस्तकं दिली, आणि १ जुलै २०२४ ला भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. प्रेम राहिलं, कलमांचे नंबर गेले.

आणि सगळ्यात वरचा नियम: पुस्तक प्रोफेसर बघून घ्या, रेटिंग बघून नाही. प्रॉपर्टीमध्ये 'रूल अगेन्स्ट पर्पेच्युइटीज' नावाचा एक राक्षस आहे. इतका अवघड की १९६१ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने लुकास विरुद्ध हॅम या खटल्यात, मृत्युपत्र करताना या नियमात चुकलेल्या वकिलाला निष्काळजी ठरवायला नकार दिला. सप्लिमेंटात या राक्षसावर पानंच्या पानं असतात. आणि बायकोचा प्रोफेसर पहिल्याच दिवशी म्हणाला, हा मी शिकवणार नाही आणि विचारणार नाही. त्या पानांवर घालवलेला प्रत्येक तास पाण्यात. उलट त्याचे जुने पेपर लायब्ररीच्या साइटवर फुकट होते. जगातलं सगळ्यात चांगलं सप्लिमेंट तेच.

इथपर्यंत सगळं तर्काने झालं. पण ऑक्टोबरच्या एका रात्री बघतो तर बायकोच्या ऑनलाइन कार्टमध्ये ११ पुस्तकं. बेरीज ५०० डॉलरच्या वर. आणि ती बटणावर बोट ठेवून बसलेली. मी काही बोललो नाही. पाच मिनिटांनी तीच म्हणाली, "वर्गात सगळे कसे पटपट बोलतात. मी आधी मनात वाक्य जुळवते, मग हात वर करते, तोवर विषय पुढे गेलेला असतो. त्यांच्याकडे काहीतरी आहे जे माझ्याकडे नाही. मला वाटलं ते या पुस्तकांत असेल."

दहावीपर्यंत मराठी मीडियम, ९ वर्षं नोकरी, आणि आता २३ वर्षांच्या पोरांच्या शेजारी बसून १८५४ चं इंग्रजी वाचायचं. तिला पुस्तकं नको होती, तिला खात्री हवी होती. आणि अशी खात्री विकणारे खूप आहेत.

मी एवढंच विचारलं, "आज वर्गात काय झालं ते मला सांग ना. मराठीत."

ती हॅडली विरुद्ध बॅक्सेंडेल होती. १८५४, इंग्लंड. ग्लॉस्टरच्या गिरणीचा दांडा मोडला, नवीन बनवण्यासाठी नमुना म्हणून तो मालवाहतूकदाराकडे दिला, त्याने उशीर केला, गिरणी बंद राहिली. बुडालेला नफा वाहतूकदाराने द्यायचा का? कोर्ट म्हणालं, जे नुकसान अशा करारभंगातून सहज होतं, किंवा करार करतानाच दोघांच्या डोक्यात होतं, तेवढंच. आपल्या करार कायद्याच्या ७३व्या कलमात हाच विचार आहे, खालच्या उदाहरणांत गिरणी आणि यंत्रही आहे.

मग मी तिला एक प्रसंग दिला. "एडिसनमधल्या एका काकूंनी गणपतीसाठी ५००० मोदकांची ऑर्डर घेतलीय. उकडायच्या मशीनचा पार्ट मोडला. कुरियरच्या काउंटरवरच्या मुलाला त्या म्हणाल्या, 'चतुर्थीच्या आत हवं हं बाबा.' पार्ट चार दिवस उशिरा आला. काढ पैसे!"

आणि बाई सुटल्या. काउंटरवरच्या मुलाला सांगणं म्हणजे कंपनीला सांगणं का? चतुर्थी म्हणजे काय हे त्याला कळलं असेल का, आणि कळायला हवं होतं का? पावतीच्या मागे नुकसानीची मर्यादा छापली असेल तर? काकूंनी शेजारणींचे मोदकपात्र गोळा करून हजारभर तरी का केले नाहीत, नुकसान कमी करायची त्यांचीही जबाबदारी नाही का? आणि काकू दरवर्षी इथूनच पाठवत असतील, गेल्या वर्षीही असंच झालं असेल तर? पाऊण तास. एकदाही मनात वाक्य जुळवावं लागलं नाही. मग म्हटलं, आता हेच इंग्रजीत लिही, घड्याळ लावून.

कार्टमधून ९ पुस्तकं गेली. राहिली ती दोन: ग्लॅनन, कारण सिव्हिल प्रोसिजरचा प्रोफेसर तशाच पद्धतीने विचारायचा, आणि 'गेटिंग टू मेबी'. बाकी लायब्ररी, काली आणि जुने पेपर. दर रविवारी दुपारी मी एक प्रसंग द्यायचा, तिने आधी मराठीत फाटे फोडायचे आणि मग इंग्रजीत लिहायचं, असं ठरलं. एकदा मी लर्नेड हँडचं १९४७ चं सूत्र ऐकून खूश झालो होतो. खबरदारीचा खर्च हा अपघाताची शक्यता गुणिले नुकसान यापेक्षा कमी असूनही ती घेतली नाही, तर निष्काळजीपणा. इंजिनिअरला आणखी काय हवं? तर ती म्हणे, "शक्यतेचा आकडा कोण भरणार? आणि अपघात होऊन गेल्यावर भरणार की आधी?" मी चहा करायला उठलो.

आता कोणी म्हणेल, हल्ली एआय आहे, सप्लिमेंट हवंच कशाला? प्रसंग तयार करून मागायला ते छान आहे, रविवारी मी दमलेलो असलो की तेच माझी जागा घेतं. पण केस त्याच्या तोंडून ऐकून वहीत उतरवू नका. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात माता विरुद्ध एव्हियांका या खटल्यात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निकाल सादर केले आणि ५००० डॉलर दंड भरला. ते वकील होते, आपण तर अजून शिकतोय.

निकाल काय लागला, हे विचारालच. करारात ए मायनस, सिव्हिल प्रोसिजरमध्ये बी प्लस, प्रॉपर्टीत जेमतेम बी. सरासरी स्कॉलरशिपच्या रेषेच्या वर राहिली, अगदी केसभर. त्या दिवशी आम्ही बाहेर जेवायला गेलो नाही, पिठलं-भात केला आणि दोघंही नऊ वाजता झोपलो. आता तिचं तिसरं वर्ष सुरू आहे आणि कॉलेजच्या इमिग्रेशन क्लिनिकमध्ये ती लोकांचे फॉर्म तपासते.

तेव्हा पहिल्या वर्षाला जाणाऱ्यांना (आणि त्यांच्या नवऱ्यांना, बायकांना) माझं सांगणं एवढंच: आधी केस स्वतः वाचा. कळलं नाही तर लायब्ररीत. एका विषयाला एकच सप्लिमेंट, आणि तेही प्रश्न विचारणारं. जुने पेपर ऑक्टोबरपासून काढा, थँक्सगिव्हिंगपर्यंत थांबू नका. आणि ज्याच्यापुढे तुम्हाला आपल्या भाषेत बिनधास्त फाटे फोडता येतील असं एक माणूस शोधा. त्याला कायदा येत नसला तरी चालेल. न येणाराच बरा, सारखा "म्हणजे काय?" विचारतो.